इसन्ने अशरीन: पासष्ट मेंढ्यांची पावती आणि इस्लामचा आरंभकाळ अभ्यासण्याची रीत

मोडी कागद वाचणाऱ्याला 'इसन्ने अशरीन' हे शब्द दिसले की हात आपसूक शकावलीकडे, म्हणजे सालांच्या कोष्टकाकडे जातो. इसन्ने म्हणजे दोन, अशरीन म्हणजे वीस. पुढे 'मया व अलफ' असेल तर शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन (मराठी दफ्तरातली जुनी कालगणना) ११२२. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७२१ निघतं. मराठी दफ्तरातल्या कारकुनाला अरबी भाषा येत असेल-नसेल, पण कागदावर साल घालताना तो अरबी संख्याच लिहायचा, आणि त्या त्याच्या बोटांत मुरलेल्या होत्या.

हेच दोन शब्द व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका जुन्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावर आहेत. तिथे ते 'इसनैन व इश्रीन' असे वाचतात. हिजरी सन २२, म्हणजे इसवी सन ६४३. प्रेषित मुहम्मदांच्या निधनाला तेव्हा जेमतेम ११ वर्षं झाली होती आणि अरब फौजांनी इजिप्त नुकताच घेतला होता. कागद आहे मेंढ्यांच्या पावतीचा. अब्दुल्लाह इब्न जाबिर नावाच्या सरदाराने अहनास गावच्या कारभाऱ्यांकडून आपल्या लोकांच्या शिध्यासाठी मेंढ्या घेतल्या: आधी ५०, मग आणखी १५. वरचा मजकूर ग्रीकमध्ये, खालचा अरबीत. दोन्हींची सुरुवात ईश्वराच्या नावाने.

इस्लामच्या आरंभकाळाचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं तर मी या पावतीपासून सुरुवात करतो. या काळावर शेकडो ग्रंथ आहेत, पण प्रत्यक्ष त्या वर्षी लिहिलेला, तारीख घातलेला, हातात धरता येईल असा कागद फार दुर्मीळ. पदवीपर्यंत आपण ग्रंथांत सांगितलेली हकिकत शिकतो. पदव्युत्तर पातळीवर विचारायचं असतं की ही हकिकत कुणी, केव्हा, कुणासाठी लिहिली आणि तिच्या शेजारी ठेवायला अस्सल कागद आहे का.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही. सभासदाची बखर शिवाजी महाराजांना पाहिलेल्या माणसाने, त्यांच्या निधनानंतर दीड-दोन दशकांत लिहिली. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. दोन्ही वाचायच्या, पण दोन्हींना सारखं वजन द्यायचं नाही, हे राजवाड्यांनी साधनं गोळा करायला घेतली तेव्हापासून आपल्याकडे रुजलेलं आहे. आता हीच मोजपट्टी अरबस्तानला लावून पाहा. प्रेषितांचं निधन ६३२ सालचं. त्यांचं सविस्तर चरित्र रचणारा इब्न इस्हाक ७६७च्या सुमारास वारला, आणि त्याचा मजकूरही आपल्याला मुख्यतः इब्न हिशाम या पुढच्या पिढीतल्या विद्वानाने केलेल्या संपादनातून मिळतो. ज्याच्याशिवाय या विषयात पान हलत नाही तो इतिहासकार तबरी बगदादमध्ये ९२३ साली वारला. म्हणजे घटना आणि तिचं आपल्या हातात आलेलं वर्णन यांत शंभर ते तीनशे वर्षांचं अंतर आहे.

पण बखरींशी केलेली ही तुलना एका टप्प्यावर थांबते, आणि तो टप्पा नीट समजून घ्यायला हवा. अरबी ग्रंथकार हकिकत सांगताना ती आपल्यापर्यंत कशी आली हेही सांगतात: 'मला अमक्याने सांगितलं, त्याला तमक्याने, त्याने ते आपल्या वडिलांकडून ऐकलं, आणि वडील तिथे हजर होते.' या साखळीला इस्नाद म्हणतात. तबरी तर एकाच लढाईच्या तीन-तीन हकिकती एकमेकींच्या शेजारी ठेवतो, प्रत्येकीची साखळी वेगळी. त्या एकमेकींशी जुळत नसल्या तरी तो त्यांना ठोकून ठोकून एक करत नाही. नवख्या विद्यार्थ्याला याचा वैताग येतो, कारण त्याला सरळ गोष्ट हवी असते. मला मात्र हा प्रामाणिकपणा फार मोठा वाटतो. हजार वर्षांपूर्वीच्या इतिहासकाराने आपलं कच्चं सामान आपल्यापुढे उघडं ठेवलं आहे.

या साखळ्यांवर काम कसं करतात, ते थोडं सांगतो. एकच कथन दहा ग्रंथांत सापडलं, तर त्याच्या दहाही साखळ्या एका मोठ्या कागदावर वंशावळीसारख्या मांडायच्या. बहुतेक वेळा असं दिसतं की वरच्या फांद्या वेगवेगळ्या आहेत, पण खाली येताना सगळ्या एका माणसापाशी मिळतात आणि तिथून मागे एकच धागा जातो. तो माणूस समजा ७४० साली वारला असेल, तर निदान त्याच्या हयातीत हे कथन फिरत होतं एवढं तरी हाती लागतं. त्याच्या मागे काय? योझेफ शाख्त या अभ्यासकाचं मत कडक होतं: मागचा धागा बहुधा नंतर जोडलेला. हाराल्ट मोट्स्कीने निराळी वाट धरली. साखळी आणि मजकुरातले शब्द दोन्ही एकत्र ताडून पाहायचे. ज्या दोन साखळ्या एकमेकींच्या जवळ आहेत त्यांचे शब्दही जवळचे निघाले, तर ती साखळी कुणी नुसती बसून रचलेली नाही. त्याचं मोठं काम येमेनचा विद्वान अब्द अल-रज्जाक (मृत्यू ८२७) याच्या प्रचंड संग्रहावरचं. आणि तो संग्रह आधुनिक काळात संपादित करून जगापुढे ठेवला तो उत्तर प्रदेशातल्या मऊच्या हबीबुर्रहमान आझमी यांनी. या विद्येत भारताचा वाटा केवढा आहे, याची आपल्याकडे फार कमी जाणीव आहे.

१९७०च्या दशकात या क्षेत्रात मोठं वादळ उठलं. काही अभ्यासकांनी सगळे अरबी ग्रंथ उशिराचे म्हणून बाजूला ठेवले आणि फक्त बाहेरच्यांनी, म्हणजे ग्रीक, सुरयानी (सिरिया-इराककडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा), आर्मेनियन लेखकांनी काय लिहिलं यावर इतिहास उभारून पाहिला. लंडनच्या जॉन वॉन्सब्रोचं म्हणणं होतं की कुराणाला आजचं रूप मिळायला दोनेकशे वर्षं लागली. आज हे मत टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे अभ्यासासारखं आहे. १९७२ साली येमेनच्या सना शहरातल्या मोठ्या मशिदीच्या दुरुस्तीत जुन्या पानांचा साठा सापडला. त्यातल्या काही चर्मपत्रांवर आधीचा मजकूर खरवडून पुन्हा लिहिलेलं होतं, आणि खालच्या थरातही कुराणच होतं, थोड्याफार शब्दभेदांसह. बर्मिंगहॅम विद्यापीठात आल्बा फेदेली ही संशोधक पीएचडीचं काम करत असताना तिच्या लक्षात आलं की एका हस्तलिखितातली दोन पानं बाकीच्या पानांशी जुळत नाहीत, ती दुसऱ्याच प्रतीची आहेत. ऑक्सफर्डमध्ये त्यांची कार्बन चाचणी झाली. २०१५ साली जाहीर झालेला निकाल असा होता: चर्मपत्र ५६८ ते ६४५ या काळातलं, शक्यता ९५ टक्क्यांहून थोडी अधिक.

ही बातमी वर्तमानपत्रांत 'जगातलं सर्वांत जुनं कुराण' अशी झळकली. वर्गात मात्र पहिला प्रश्न निघतो तो असा: चाचणी कशाची झाली, शाईची की कातड्याची? कातड्याची. म्हणजे जनावर केव्हा मेलं ते कळलं, त्यावर लिहिलं केव्हा ते नाही. म्हणून अक्षराचं वळण, शब्दांचं लेखन, ओळींची मांडणी हे सगळं स्वतंत्रपणे तपासावं लागतं. एका बातमीतून इतके प्रश्न काढता येणं, हेच या दोन वर्षांत शिकायचं असतं.

श्रद्धेबद्दलही इथेच बोलतो, कारण ते टाळून चालणार नाही. हा कोट्यवधी लोकांच्या जिवंत धर्माचा आरंभकाळ आहे. इतिहासाचा विद्यार्थी कुराण ईश्वराकडून आलं की नाही याचा निवाडा करत नाही. ते त्याच्या हत्यारांनी होणारं काम नाही. तो पान, शाई, नाणं, शिलालेख आणि साखळी तपासतो. वर्गात मुस्लिम विद्यार्थी असतात, ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, कुठलाच धर्म न मानणारेही असतात. मदरशात शिकून आलेल्याचं अरबी व्याकरण बाकीच्यांच्या फार पुढे असतं आणि वाचनाच्या तासाला सगळे त्याच्याकडे पाहतात. ज्याला कुणाला कमी लेखण्यासाठी किंवा कुणाचा गौरव करण्यासाठीच हा विषय घ्यायचा आहे, त्याने तो घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता भाषांकडे येऊ. निम्म्याहून जास्त वेळ त्यातच जातो.

अरबी अर्थातच पहिली, आणि तीही ग्रंथांची अरबी, जिला फुस्हा म्हणतात. तिची रचना एकदा डोक्यात बसली की मराठी माणसाला वेगळाच आनंद होतो. बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूवर उभे असतात. अ-म-ल हा धातू घ्या (यातला 'अ' हा घशातून काढायचा 'ऐन' आहे, आपण तो गुळगुळीत केला). अर्थ, काम करणं. त्यातून अंमल, अंमलदार, मामला, मामलेदार. ज-म-अ म्हणजे गोळा करणं: जमा, जमात, जुम्मा, आणि आपला मुजुमदारसुद्धा, कारण तो जमेचा हिशेब ठेवणारा. म्हणजे तालुक्याच्या कचेरीत आपण वर्षानुवर्षं अरबी धातू चालवत आलो आहोत, फक्त फारशीच्या दारातून आलेले. अरबी शब्दकोशही बहुधा धातूप्रमाणे लावलेला असतो. 'मुजुमदार' सारखा शब्द शोधायचा तर 'म' खाली नाही, 'ज' खाली. धातू ओळखता आला नाही तर कोश उघडूनही उपयोग नाही. पहिले सहा महिने हीच कसरत चालते.

दुसरी अडचण लिपीची. आज अरबीत ब, त, न, य ही अक्षरं त्यांच्यावरच्या-खालच्या ठिपक्यांनी ओळखतात. ठिपके काढले तर शब्दाच्या मध्ये या सगळ्यांचा आकार एकच, एक छोटा दात. आणि पहिल्या शतकातले लेखनिक ठिपके क्वचितच देत. ऱ्हस्व स्वरांच्या खुणा तर नव्हत्याच. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, तरी सरावलेला वाचक संदर्भाने वाचतो, तसंच हे. वाचणारा आधी विषय ओळखतो, मग शब्द. त्या मेंढ्यांच्या पावतीचं आणखी एक मोल यातच आहे: तिच्यात काही अक्षरांवर ठिपके स्पष्ट दिलेले आहेत. ठिपक्यांची युक्ती पुढच्या काळातली, असा समज होता. एका पावतीने तो पुसला.

तिच्या पाठीमागे ग्रीकमध्ये एक ओळ आहे. मेंढ्या कुणाला दिल्या? 'मगारिताई'ना. हा ग्रीक शब्द नाही; तो अरबी 'मुहाजिर', म्हणजे हिजरत (स्थलांतर) करून आलेले, याचं ग्रीक तोंडातलं रूप आहे. सुरयानी लेखकही त्या काळात असाच शब्द वापरतात. म्हणजे जिंकलेल्या मुलखातले लोक या नव्या राज्यकर्त्यांना सुरुवातीला 'मुसलमान' म्हणत नव्हते. नुसती अरबी शिकलेल्याच्या हाती ही गोष्ट लागली नसती.

म्हणून दुसरी भाषा लागतेच. कुठली, ते तुमच्या प्रश्नावर ठरतं. इजिप्तवर काम करायचं तर ग्रीक आणि तिथली जुनी स्थानिक भाषा कॉप्टिक. सिरिया-इराकवर करायचं तर सुरयानी. काकेशसकडे जायचं तर आर्मेनियन. इराणवर करायचं तर तिथली इस्लामपूर्व भाषा पहलवी, आणि पहलवीचा विषय निघाला की मुंबईचं नाव घ्यावंच लागतं. पारशी विद्वानांनी ही विद्या जपली, तिचे ग्रंथ छापले, आणि १९१६ साली स्थापन झालेली कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आजही फोर्टात उभी आहे.

पहलवी कशाला लागते याचं उत्तर एका नाण्यात मिळतं. इराण जिंकल्यावर अरब सुभेदारांनी चांदीची नाणी पाडली, ती जुन्याच ठशासारखी. एका बाजूला इस्लामपूर्व इराणच्या सासानी घराण्यातला बादशहा दुसरा खुस्रो याचा मुकुटधारी चेहरा, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिच्या दोहो बाजूंना रक्षक, नाव पहलवी अक्षरांत. नवं काय? कडेला बारीक अरबीत 'बिस्मिल्लाह'. लोकांचा विश्वास ज्या नाण्यावर बसलेला होता ते राज्यकर्त्यांनी मोडलं नाही. पुढे खलिफा अब्द अल-मलिकने हिजरी ७७ साली (६९६-९७) सोन्याचा नवा दिनार काढला, ज्यावर चित्र नाही, फक्त अक्षरं. त्या दोन नाण्यांमधल्या पन्नासेक वर्षांत एक राज्य स्वतःची ओळख घडवत होतं.

अशीच आणखी एक गोष्ट: गालिली सरोवराच्या आग्नेयेला हम्मत गादेर इथे गरम पाण्याची स्नानगृहं होती. खलिफा मुआवियाच्या काळात ती दुरुस्त झाली आणि तसा शिलालेख ६६२ साली बसवला. लेख ग्रीकमध्ये आहे, सुरुवातीला क्रूस आहे, आणि त्यात मुआवियाला 'अमीर अल-मुमिनीन' (श्रद्धावंतांचा नेता) हे अरबी बिरुद ग्रीक अक्षरांत लावलेलं आहे. काळ तीन पद्धतींनी दिलाय: गावाचा शक, रोमी करवर्ष, आणि 'अरबांचं ४२वं वर्ष'. मुसलमान खलिफाच्या नावाने लावलेल्या लेखावर क्रूस कोरायला कुणाला अडचण वाटली नाही. आजच्या डोळ्यांनी पाहिलं तर हे समजत नाही, आणि म्हणूनच आजचे डोळे थोडा वेळ बाजूला ठेवायला शिकावं लागतं.

जेरुसलेमच्या 'कुब्बत अस-सख्रा' या सोनेरी घुमटाच्या वास्तूत याहून मजेदार प्रकार आहे. ती अब्द अल-मलिकने बांधली. आत मोझेकमध्ये लांबच लांब लेख आहे. पुढे नंतरच्या अब्बासी घराण्यातल्या खलिफा अल-मामूनने (राजवट ८१३ ते ८३३) त्यातलं बांधणाऱ्याचं नाव काढून आपलं घातलं. साल मात्र हिजरी ७२ तसंच राहिलं. त्या ७२ने आजवर खऱ्या बांधणाऱ्याच्या बाजूने साक्ष दिली आहे.

पण माझ्या आवडीचा पुरावा आहे कुर्रा इब्न शरीकची पत्रं. हा ७०९ ते ७१५ या काळात इजिप्तचा सुभेदार होता. नंतरच्या ग्रंथांत त्याची प्रतिमा जुलमी माणसाची. १९०१ साली वरच्या इजिप्तमधल्या कोम इश्कावला पपायरसांचा साठा निघाला आणि त्यात त्याने तिथल्या कारभाऱ्याला, बसीलला, लिहिलेली पत्रं सापडली. पत्ता असा: 'कुर्रा इब्न शरीककडून बसील, साहिब इश्कूह, यास.' इश्कूह म्हणजे हेच कोम इश्काव, आणि हा साहिब म्हणजेच आपला साहेब. पत्रांत वसुली उशिरा आल्याबद्दल खडसावणं आहे, तसंच रयतेवर अन्याय होऊ देऊ नकोस अशी ताकीदही आहे. अमका माणूस माझ्याकडे आला, गावातल्या तमक्याकडे त्याचे दिनार येणं आहेत म्हणतो; पुरावा खरा निघाला तर ते मिळवून दे. पेशवे दफ्तरातली ताकीदपत्रं वाचलेल्या माणसाला हा सूर लगेच ओळखू येईल. जुलमी की न्यायी, हा निकाल पत्रांतूनही पूर्ण लागत नाही, कारण सुभेदार स्वतःबद्दल चांगलंच लिहिणार. पण ग्रंथातला राक्षस तिथे राहत नाही, काम करणारा माणूस दिसू लागतो.

यातली शिकागोतली पत्रं १९३८ साली प्रसिद्ध केली नाबिया ॲबट या विदुषीने. जन्म तुर्कस्तानातल्या मार्दिनचा; लहानपणी कुटुंबाबरोबर मोसुल, बगदाद करत ती जहाजाने मुंबईला आली, शाळा भारतात झाली, आणि लखनौच्या इझाबेला थॉबर्न कॉलेजातून १९१९ साली ती पदवीधर झाली. पुढे शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटमधली ती पहिली स्त्री प्राध्यापक.

कुठे शिकायचं, हे थोडक्यात. युरोपात लायडनला अरबीचं अध्यासन १६१३ पासून आहे. लंडनचं सोआस, ऑक्सफर्ड, केंब्रिज, एडिनबरा ही नेहमीची नावं. ब्रिटनमध्ये बरेचसे अभ्यासक्रम एका वर्षाचे असतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की अरबी मुळीच येत नसेल तर एका वर्षाचा अभ्यासक्रम घेऊ नये. दोन वर्षांचा घ्यावा, नाहीतर आधी भाषा करून जावं. वाचनाच्या यादीत जर्मन आणि फ्रेंच लेख येतातच, तेव्हा त्यांतली निदान एक भाषा कोश घेऊन वाचण्याइतकी हवी. भारतात अलिगढ, जामिया, जेएनयू, मुंबई विद्यापीठ इथे अरबी शिकता येते. मराठवाड्यातल्या वाचकाला सांगावंसं वाटतं की आपली जुनी राजधानी हैदराबाद इथल्या दायरतुल मआरिफ या १८८८ साली स्थापन झालेल्या संस्थेने छापलेले अरबी ग्रंथ जगभरच्या विद्यापीठांत वापरले जातात.

आणि घरी बसून सुरुवात करायची असेल, तर आधी अरबीची २८ अक्षरं शिका. उर्दू येत असेल तर एक आठवडा पुरे. मग म्युनिकहून चालणारा अरबी पपायरसांचा डेटाबेस इंटरनेटवर मोफत आहे, त्यात हिजरी २२ सालची पावती शोधा. छायाचित्र समोर ठेवून मजकुराच्या शेवटच्या ओळीवर या. 'इसनैन व इश्रीन' सापडेल. त्याच्या लगेच पुढे आहे 'व कतब इब्न हदीद', इब्न हदीदने लिहिलं. क-त-ब: दफ्तरातल्या कतब्याचा धातू तोच.